तारीख स्पर्धेची, वेळ हाडाची

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि महाराष्ट्रातल्या असंख्य धावणाऱ्यांचे अख्खे वर्ष या एका तारखेभोवती फिरते. जून-जुलैत सरावाला सुरुवात, पावसात टेकड्या, मध्येच सातारच्या यवतेश्वर घाटातली हाफ आणि दिवाळीच्या आगेमागे लांब पल्ले. याच मधल्या काळात अनेकांची नडगी, टाच नाहीतर गुडघा कुरकुरू लागतो. नोंदणीचे पैसे भरलेले असतात, धावण्याच्या ग्रुपवर दर रविवारी इतरांचे किलोमीटर झळकत असतात. मग मनात पहिला प्रश्न उभा राहतो, 'किती आठवडे उरले?'

दुखापतीतून उठताना याच प्रश्नाने सुरुवात केली की गणित चुकते. नव्या स्लॅबखालचे सेंट्रिंग कधी काढायचे, हे वास्तुशांतीच्या मुहूर्तावरून ठरत नाही. काँक्रीट किती पक्के झाले यावरून ठरते. म्हणून क्रम असा ठेवा: नेमके काय दुखावले आहे ते आधी शोधा, ते बरे व्हायला किती वेळ लागेल ते लिहा आणि मग उरलेल्या आठवड्यांत काय बसते ते पाहा. काही वेळा त्यात फुल बसेल, काही वेळा दहा किलोमीटर, काही वेळा काहीच नाही.

निदानाआधी तक्ता नको

नडगीचे दुखणे हे याचे चांगले उदाहरण आहे. 'शिन स्प्लिंट आहे, बर्फ लाव' हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण नडगीच्या आतल्या कडेला दुखते तेव्हा दोन शक्यता असतात. पहिली म्हणजे खरोखरच शिन स्प्लिंट. यात दुखणे लांबवर पसरलेले असते. कडेवरून बोट फिरवले तर चार-पाच बोटे किंवा त्याहून जास्त पट्टा दुखतो. सुरुवातीला दुखते, अंग गरम झाल्यावर बऱ्याचदा कमी होते. दुसरी शक्यता स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडात पडलेली बारीक चीर. यात एका बोटाने दाखवता येईल असा एकच बिंदू दुखतो, धावताना दुखणे वाढत जाते, पुढे चालतानाही आणि रात्री पडल्यावरही ठणकते.

दोन्हींच्या मुळाशी कारण एकच आहे. भार वाढला की हाड स्वतःची दुरुस्ती करते. जुना, थकलेला भाग आधी खरवडून काढला जातो आणि मग तिथे नवे हाड भरले जाते. खरवडण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र महिने लागतात. या मधल्या काळात हाड तात्पुरते कमकुवत असते. सराव एकदम वाढवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखायला लागते, ती बहुतेकदा यामुळे.

साध्या एक्स-रेवर भरवसा ठेवू नका. स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' असे ऐकून धावायला निघालेल्यांची चीर वाढल्याची उदाहरणे कमी नाहीत. शंका असेल तर क्रीडावैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि एमआरआयबद्दल विचारा. एमआरआयवर हाडावरच्या ताणाच्या श्रेणी कळतात. खालच्या श्रेणीत तीन-चार आठवड्यांत धावणे सुरू होऊ शकते, वरच्या श्रेणीत तीन महिनेही लागतात. खर्च आहे खरा, पण त्यातून मिळणारे उत्तर पुढचे सगळे नियोजन ठरवते.

काही खुणा दिसल्या तर मात्र एक दिवसही थांबू नका. जांघेत किंवा खुब्यात खोल दुखत असेल आणि पायावर भार दिल्यावर वाढत असेल, तर धावणे त्याच क्षणी बंद करून डॉक्टर गाठा. मांडीच्या हाडाच्या मानेतली चीर पूर्ण मोडण्याचा धोका असतो. नडगीच्या पुढच्या, टोकदार कडेवर किंवा पावलाच्या वरच्या मध्यभागी एका बिंदूत दुखणे हेही धोक्याचेच. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणे असेल तर ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते, तिला स्नायूचा गोळा समजून चोळत बसू नका.

हाडाचा नियम वेगळा, शिरेचा वेगळा

'थोडे दुखले तर चालते का?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काय दुखावले आहे त्यावर उत्तर बदलते, आणि सर्वाधिक गोंधळही इथेच होतो.

हाडाच्या दुखापतीत शून्य दुखणे हाच नियम. दहापैकी एक इतके दुखले तरी त्या दिवशीचे धावणे थांबवायचे आणि पुढच्या वेळी एक पायरी खाली यायचे.

टाचेमागची शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, दुखावली असेल तर गणित उलटे आहे. पूर्ण विश्रांतीने टेंडन आणखी दुबळे होते, त्याला मोजका भार लागतोच. दहापैकी चार-पाचपर्यंत दुखणे सहसा चालवून घेतात, पण एका अटीवर: दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना ते आदल्या सकाळपेक्षा जास्त नसावे आणि आठवड्यागणिक वाढू नये. स्वीडनचे शल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला व्यायाम आजही वापरात आहे. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच हळूहळू खाली सोडायची, पंधराचे तीन संच, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. बारा आठवडे हा आकडा नीट वाचा. टेंडनला घाई चालत नाही.

स्नायू ताणला असेल, मांडीमागचा हॅमस्ट्रिंग किंवा पोटरी, तर सौम्य दुखापत दोन-तीन आठवड्यांत निवळते. इथे धोका अंतरापेक्षा वेगाचा. हळू धावताना काही जाणवत नाही आणि पहिल्याच स्प्रिंटला स्नायू पुन्हा फाटतो. वेग सगळ्यात शेवटी आणा.

गुडघ्याच्या वाटीमागचे दुखणे आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे यांत बऱ्याचदा धावणे पूर्ण बंद करावे लागत नाही. अंतर कमी करून, उतार टाळून आणि दर मिनिटाची पावले पाच ते दहा टक्के वाढवून गुडघ्यावरचा भार हलका होतो. मिनिटाला १६० पावले पडत असतील तर १७० करून पाहा. पाऊल आपोआप छोटे होते आणि शरीराच्या खूप पुढे पडत नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट मात्र समान: दुखणे दडवणारी गोळी घेऊन धावू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी इशारा बंद पडतो, आणि घाम गाळत लांब पल्ला धावताना त्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो.

धावणे बंद, सराव चालू

ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ हिचे २००८ हे वर्ष प्रत्येक दुखापतग्रस्त धावपटूने डोळ्यांसमोर ठेवावे. तेव्हाची ही विश्वविक्रमधारक बीजिंग ऑलिंपिकच्या काही महिने आधी मांडीच्या हाडातल्या स्ट्रेस फ्रॅक्चरने अडकली. धावता येत नव्हते तेव्हा तिने पर्यायी व्यायामावर तंदुरुस्ती टिकवली. ऑगस्टमध्ये ती बीजिंगच्या रस्त्यावर उतरली, पण पाय साथ देईनात. शेवटाकडे पायात गोळे आले आणि ती तेविसावी आली. त्यानंतर पायांना पुन्हा धावण्याची सवय व्हायला अवधी मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. हृदय आणि फुप्फुसे पर्यायी व्यायामाने तयार राहतात, पण रस्त्याचे दणके सोसायची पायांची तयारी रस्त्यावरच होते. बीजिंगला तिच्याकडे पहिली गोष्ट होती, न्यूयॉर्कला दोन्ही.

दम टिकवण्यासाठी सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे खोल पाण्यातले धावणे. कमरेला तरंगता पट्टा बांधायचा, शरीर सरळ ठेवायचे, पाय तळाला टेकू द्यायचे नाहीत आणि रस्त्यावर धावतो तसेच हातपाय चालवायचे. नियमित केले तर चार ते सहा आठवडे दम बऱ्यापैकी टिकतो. नुसते तरंगत राहिल्याने उपयोग होत नाही. तीन मिनिटे जोरात, एक मिनिट सावकाश, असे सहा-आठ फेरे करा. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा मिनिटाला दहाएक ठोक्यांनी कमी दिसते, म्हणून घड्याळाऐवजी श्वासावरून जोर ठरवा. नगरपालिकेच्या तलावात उथळ भागच मिळाला तर पोहणे निवडा. सायकलही चांगली, पण आधी डॉक्टरांना विचारून आणि दुखत नसेल तरच. मुंबईच्या खड्ड्यांत पडण्यापेक्षा घरातली स्थिर सायकल बरी.

वेळापत्रकाची चौकट जुनीच ठेवा. मंगळवारी वेगाचा सराव असायचा तर त्या दिवशी पाण्यात जोराचे फेरे, रविवारी लांब पल्ला असायचा तर सायकलवर दीड-दोन तास. सवय मोडत नाही आणि 'सगळे वाया गेले' ही भावनाही सतावत नाही. रविवारी ग्रुपचा फार आठव आला तर पाण्याच्या टेबलाशी उभे राहा. धावणाऱ्यांना पाणी देणारी माणसे नेहमीच कमी पडतात.

ताकद आणि ताट

सक्तीची विश्रांती ही पायांची ताकद वाढवण्याची संधी आहे. नडगीवरचा भार उचलण्यात पोटरीच्या आतल्या, सोलियस स्नायूचा मोठा वाटा असतो आणि तो गुडघा किंचित वाकवून टाच उचलल्यावर कामाला लागतो. म्हणून टाच उचलण्याचा व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे करा. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. जोडीला पायरी चढणे-उतरणे, एका पायावर अर्धे बसणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे आणि कुशीवरचा प्लँक. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे.

ताटाकडेही पाहा. वजन उतरवण्याच्या नादात कमी खाऊन जास्त धावणाऱ्यांचे हाड लवकर दमते. शरीराला ऊर्जा कमी पडली की ते हाडाच्या दुरुस्तीतच काटकसर करते. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही याची ठळक खूण आहे. 'सराव वाढला की असे होतेच' असे म्हणत या खुणेकडे दुर्लक्ष करू नका. वारंवार स्ट्रेस फ्रॅक्चर आणि अनियमित पाळी एकत्र आली तर तपासणी हवीच.

आयसीएमआरने प्रौढांसाठी सुचवलेले कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात तीनशेच्या आसपास. तीळ, दही, हिरव्या पालेभाज्या यांनी बाकीचे भरते. ड जीवनसत्त्वाबाबत गंमत अशी की आपण उन्हाच्या देशात राहतो आणि पहाटे पाचला धावून साडेसातला घरात शिरतो. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या वेळी जवळजवळ नसतातच. रक्त तपासून घ्या आणि कमतरता असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा घ्या. मनाने साठ हजार युनिटच्या पुड्या घेत सुटू नका.

पुन्हा पहिले पाऊल

डॉक्टरांनी परवानगी दिली तरी धावण्याआधी चार परीक्षा स्वतः घ्या. पाऊण तास भरभर चालून त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी दुखत नाही ना? दुखरा बिंदू दाबल्यावर आता शांत आहे ना? दोन्ही पायांवर एकेकाने वीस-पंचवीस वेळा टाच सारखीच उचलता येते ना? दुखऱ्या पायावर दहा उड्या मारून काही जाणवत नाही ना? चारही उत्तरे अनुकूल असतील तरच बूट बांधा.

सुरुवातीचे सहा आठवडे आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड, तीस मिनिटे. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे, असे सहा फेरे. दुसऱ्यात दोन आणि तीन, तिसऱ्यात तीन आणि दोन, चौथ्यात चार आणि एक. पाचव्यात दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये चालणे. सहाव्यात सलग अर्धा तास. एखाद्या आठवड्यात दुखले तर दोन दिवस थांबून मागच्या आठवड्यापासून पुन्हा. वेग इतका की शेजारच्याशी पूर्ण वाक्ये बोलता यावीत.

कसोटीचा काळ हाच असतो, कारण दम पायांच्या खूप आधी परततो. पाण्यातल्या सरावाने छाती तयार असते, तिला तीन मिनिटांचे धावणे पोरखेळ वाटते. दुसऱ्यांदा होणाऱ्या दुखापती बऱ्याचदा या उत्साहातून होतात.

जागा निवडताना सपाटी आणि मऊपणा पाहा. पुण्यात तळजाईची मातीची वाट, मुंबईत प्रियदर्शिनी पार्कचा ट्रॅक, कोल्हापुरात एखादे मातीचे मैदान चालेल. जुहूची वाळू मऊ असली तरी किनारा एका बाजूला उतरता असतो, त्याने एकाच पायावर जास्त भार येतो. डांबरी रस्ताही कडेला उतरता असतो, म्हणून जाताना-येताना एकच कड धरू नका. ट्रॅकवर फेऱ्यांची दिशा बदला. घाट आणि लांब उतार सहा आठवडे पूर्ण बंद, कारण उतारावर नडगी आणि मांडीला जास्त दणके बसतात. नवे कार्बन प्लेटचे बूटही आत्ता नकोत. एका वेळी एकच गोष्ट बदला.

अंतर वाढवताना 'आठवड्याला दहा टक्के' हा नियम सर्रास सांगतात. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन इथे नवशिक्या धावणाऱ्यांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र या सावकाश वाढीने दुखापती कमी झाल्या नाहीत. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी जास्त सांभाळा. गेल्या तीस दिवसांत सर्वांत लांब धावलात त्यापेक्षा आजचे धावणे फार लांब नको. क्रमही पाळा: आधी अंतर, मग चढ, सर्वांत शेवटी वेग.

एक वही ठेवा. रोज तीनच नोंदी: किती धावलो, धावताना दुखणे दहापैकी किती, दुसऱ्या सकाळी किती. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. स्ट्रावा अ‍ॅपवर ती कुणाला दिसत नाही, पण तुमच्या फिजिओला तीच हवी असते.

आता कॅलेंडर

आता तारखेकडे वळू. समजा, सप्टेंबरच्या मध्यावर नडगी दुखायला लागली आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची फुल डोक्यात आहे.

निदान शिन स्प्लिंटचे निघाले, तर दोन-तीन आठवडे भार कमी करून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पूर्वपदावर येता येते. हातात तेरा-चौदा आठवडे राहतात. जूनपासूनचा पाया असेल तर फुल शक्य आहे, फक्त वेळेचे उद्दिष्ट सोडून. लांब पल्ला डिसेंबरच्या अखेरीस तीस किलोमीटरच्या आसपास नेऊन थांबवा.

तेच निदान स्ट्रेस फ्रॅक्चरचे निघाले, तर सात आठवडे धावणे बंद धरले तरी नोव्हेंबर उजाडतो. सहा आठवडे चालणे-धावणे धरले की डिसेंबरचा मध्य. तेव्हा तुम्ही जेमतेम पाच किलोमीटर सलग धावत असता आणि स्पर्धेला पाच आठवडे असतात. यातून ४२.१९५ किलोमीटर निघत नाही. मुंबईच्या शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ लागतो, तिथे तर मुळीच नाही. हाफही ओढूनताणून होईल. दहा किलोमीटर मात्र आनंदाने धावता येतील, आणि हाफ फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या शर्यतीत बसेल.

निर्णय कधी घ्यायचा

स्पर्धेच्या आदल्या रात्री बिब समोर ठेवून घेतलेला निर्णय क्वचितच शहाणपणाचा असतो. म्हणून तारीख आजच ठरवा: स्पर्धेच्या चार आठवडे आधीचा रविवार. प्रकार बदलण्याचे किंवा नोंदणी पुढे ढकलण्याचे आयोजकांचे नियम आणि मुदत त्याआधीच वाचून ठेवा.

त्या रविवारी वही उघडा. मागचे तीन आठवडे एकही धावणे दुखण्यामुळे अर्ध्यावर सोडले नाही, सकाळच्या रकान्यात वाढता आकडा नाही, आणि फुलसाठी किमान २८ किलोमीटर किंवा हाफसाठी किमान १५ किलोमीटरचा पल्ला न दुखता झाला आहे, असे असेल तर धावा. पहिले दहा किलोमीटर ठरवल्यापेक्षा सावकाश ठेवा. मध्येच एका बिंदूत दुखायला लागले तर पुढच्या वैद्यकीय मदत केंद्राशी थांबा.

यातली एखादी अट जरी पुरी होत नसेल तरी छोटा पल्ला निवडा किंवा या वर्षी सोडून द्या. चीर वाढली तर फक्त हा जानेवारी नाही, अख्खा पुढचा हंगाम जातो, आणि मुंबईची स्पर्धा काय, पुढच्या जानेवारीतही तिसऱ्या रविवारीच असणार आहे.